पायाखालचं पाणी : राळेगणसिद्धीची शिवारफेरी

पुण्या-नगरकडच्या सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींचा एक शिरस्ता असतो. आठवडाभर मैदानाला नाहीतर टेकडीला चकरा मारायच्या आणि महिन्यातला एखादा रविवार धरून, गाडी ठरवून, लांब कुठंतरी जायचं. निवृत्त शिक्षक, बँकेतली माणसं, दोन-चार दुकानदार, एखाद्या डॉक्टरीणबाई. सोबत डबे, चहाचा थर्मास, वर्गणीचा पैन् पै हिशेब ठेवणारे एक काटेकोर गृहस्थ आणि सगळ्यांच्या पुढे चालून मागच्यांच्या नावाने ओरडणारे दुसरे. या सहलींच्या यादीत राळेगणसिद्धी कधी ना कधी येतंच. शिरूरला घोडनदी ओलांडली की पारनेर तालुका लागतो. पुढे वाडेगव्हाणपाशी हमरस्ता सोडून आत वळलं की पाचेक किलोमीटरवर गाव.

मंडळी उतरतात. यादवबाबांच्या मंदिरात दर्शन घेतात, अण्णा हजारे कुठे भेटतील याची चौकशी करतात, फोटो काढतात, चहा पितात आणि दोन तासांत परत फिरतात. गाव स्वच्छ आहे, झाडी भरपूर आहे, एवढं लक्षात राहतं. पण ज्या कामामुळे हे गाव देशाला माहीत झालं, ते वस्तीत नाही. ते माथ्यावरच्या चरांत, ओढ्यातल्या बांधांत आणि विहिरींच्या तळाशी आहे. गाडीच्या खिडकीतून त्यातलं काही दिसत नाही. त्यासाठी वस्तीकडे पाठ करून चढणीला लागावं लागतं.

अशा चालण्याला आपल्याकडे शिवारफेरी म्हणतात. शेतकरी, सरपंच, तलाठी, कृषी सहायक, शाळेतली पोरं अशी सगळी मिळून गावच्या हद्दीतून, ओढ्याकाठाने, बांधाबांधाने फिरतात. जागोजागी थांबून बोलतात आणि कुठे काय करायचं ते जागेवरच ठरवतात. 2014 च्या डिसेंबरात राज्य सरकारने जलयुक्त शिवार अभियान आणलं, तेव्हा गावाचा आराखडा करण्याआधी शिवारफेरी काढायची, अशी रीत त्यात घालून दिली. त्याच्या कितीतरी आधी नगर जिल्ह्यातल्या दुष्काळी गावांना हे चालणं शिकावं लागलं होतं. पाणी अडवायचं तंत्र तसं सोपं आहे. ते कुठे अडवायचं आणि कुणी किती उपसायचं, यावर गावाचं एकमत होणं अवघड. ते एकमत बरंचसं या चालण्यातून होतं.

मंदिरापासून माथ्यापर्यंत

पारनेर तालुका पर्जन्यछायेत येतो. सह्याद्री चढताना ढग आपलं बहुतेक ओझं कोकणात आणि घाटमाथ्यावर उतरवून येतात. राळेगणच्या वाट्याला वर्षाकाठी चारशे-पाचशे मिलिमीटर पाऊस येतो आणि त्यातलाही बराचसा थोड्याच दिवसांत कोसळतो. डोंगर उघडे, माती उथळ, उतार भरपूर. आलेलं पाणी मातीसकट ओढ्याला लागायचं आणि दिवाळी सरता सरता विहिरी तळ दाखवायच्या. 1972 च्या दुष्काळाने तर महाराष्ट्राचंच कंबरडं मोडलं. राळेगणात तेव्हा शेती पोट भरण्याइतकीही पिकत नव्हती. माणसं आसपासच्या गावांत मजुरीला जात आणि गावात तीस-चाळीस दारूच्या भट्ट्या होत्या, असं सांगतात. मंदिराची लाकडंसुद्धा भट्टीत गेल्याची हकिकत गावाच्या इतिहासात नेहमी येते.

सैन्यात वाहनचालक असलेले किसन बाबूराव ऊर्फ अण्णा हजारे 1975 मध्ये निवृत्त होऊन गावी परतले. त्यांनी पहिलं काम हाती घेतलं ते यादवबाबांच्या मंदिराच्या जीर्णोद्धाराचं, आणि त्यात स्वतःच्या भविष्यनिर्वाह निधीचे पैसे घातले. पाण्याच्या कामाआधी मंदिर कशाला, असा प्रश्न शहरी माणसाला पडतो. पण जिथे सगळ्या आळ्यांची, सगळ्या भावक्यांची माणसं एका सतरंजीवर बसतील अशी दुसरी जागाच गावात नव्हती. ग्रामसभा भरायला आधी सभा भरण्याजोगी जागा लागते.

त्याच सुमाराला पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे उजाड माळावर पाणलोटाचे आणि पाणीवाटपाचे प्रयोग करत होते. पुढे ‘पाणी पंचायत’ म्हणून ते नावाजले. अण्णांनी ते काम जाऊन पाहिलं. ज्या पावसाला आपण कमी म्हणतो, तेवढ्याच पावसात दुसरीकडे हिरवळ टिकते, हे डोळ्यांनी पाहिलेलं राळेगणच्या उपयोगी पडलं. गावच्या शिवारात सरकारने बांधलेला एक पाझर तलाव होता, पण त्यात पाणी ठरत नव्हतं. गावकऱ्यांनी श्रमदानाने त्याची दुरुस्ती केली आणि तलावाच्या खालच्या अंगाच्या विहिरींना उन्हाळ्यात पाणी राहिलं. पुढच्या साऱ्या कामाला गावाचा होकार मिळाला, त्यामागे या विहिरींचा वाटा मोठा आहे. एका विहिरीला पाणी आलं तर लोक मालकाच्या नशिबाला श्रेय देतात. ओळीने खालच्या सगळ्या विहिरींना आलं, तर वर काहीतरी घडलंय हे मान्य करावंच लागतं.

माथा ते पायथा

पाणलोटाच्या कामाचा एक नियम आहे : सुरुवात माथ्यावरून करायची आणि पायथ्याकडे उतरायचं. फेरीही त्याच क्रमाने करावी. खाली ओढ्यात मोठा बंधारा बांधला आणि वरचा डोंगर तसाच उघडा ठेवला, तर दोन-तीन पावसाळ्यांत बंधारा गाळाने भरतो आणि पाण्याऐवजी माती साठवतो.

माथ्यावर उभं राहिलं की आधी उतार वाचायचा. पाऊस कुठे पडला तर कोणत्या बाजूला वाहील, ती रेघ म्हणजे पाणलोटाची सीमा. पारनेर तालुक्यात तर ही रेघ फारच मोठी आहे. तालुक्याच्या उत्तर अंगाचं पाणी मुळेतून गोदावरीला मिळतं आणि दक्षिण अंगाचं कुकडी, घोड, हंगा या वाटांनी भीमेला, म्हणजे शेवटी कृष्णेला. पठारावर हाकेच्या अंतरावर पडलेल्या दोन सरी बंगालच्या उपसागराला वेगवेगळ्या मुखांनी भेटतात.

उतारावर आडव्या रेघा ओढल्यासारखे चर दिसतात. हे सलग समतल चर. कृषी खात्याची आणि पाणलोटाची माणसं त्यांना ‘सीसीटी’ म्हणतात. चर एका पातळीत असणं यात सगळी खुबी आहे. एका टोकाला जरा जरी उतार राहिला तर पाणी तिकडे धावतं, चर फुटतो आणि तिथे नवी घळ पडते. पातळी कशी काढतात हे एकदा पाहण्यासारखं असतं. तीन काठ्या बांधून इंग्रजी ‘ए’ अक्षरासारखी चौकट करतात, शेंड्यावरून दोरी सोडून तिला दगड बांधतात. सपाट जागी उभी करून मधल्या आडव्या काठीवर खूण करून घेतली की झालं यंत्र तयार. एक पाय जमिनीवर स्थिर ठेवायचा, दुसरा पुढे-मागे, वर-खाली सरकवायचा. दोरी खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत. तिथे फक्की टाकायची, चौकट फिरवायची, पुढचा पाय शोधायचा. सातवी-आठवीतली मुलं अर्ध्या तासात हे शिकतात. डोळ्यांना सरळ वाटणारी रेघ आणि दोरीने सांगितलेली रेघ यांत किती फरक असतो, ते पाहून मोठी माणसं चकित होतात. उतारावर डोळा हमखास फसतो.

साठ सेंटिमीटर रुंद आणि तीस सेंटिमीटर खोल चर धरला, तर त्याच्या दर मीटरमध्ये 180 लिटर पाणी मावतं; शंभर मीटरच्या चरात अठरा हजार लिटर. एका जोराच्या सरीत तो भरतो, पाणी मुरतं, पुढच्या सरीला पुन्हा भरतो. चराच्या खालच्या बाजूला काढलेल्या मातीचा वरंबा असतो. त्यावर गवत आणि झाडं लावली की वरंबा टिकतो. या भागात चालताना कडुनिंब, बाभूळ, बोर, हिवर, सीताफळ ही ओळखीची झाडं भेटतात आणि पावसाळ्यानंतर कुसळी, पवन्या, मारवेल ही गवतं. कुसळी पायमोज्यात घुसली की शहरी माणूस वैतागतो; पण माळावर पवन्या आणि मारवेल वाढताना दिसलं तर चराईबंदी पाळली जातेय असं समजायचं. जनावरांच्या आवडीची गवतं चराईत आधी संपतात आणि नको असलेलं मागे उरतं. त्यामुळे गवत ओळखणारा माणूस फेरीत असला, तर ग्रामपंचायतीचं दप्तर न उघडता गावचा कारभार कळतो.

जरा खाली उतरलं की घळी सुरू होतात. तिथे दगडांचे सुटे बांध. उंच नसतात, गुडघ्याएवढे, पण एकाखाली एक असे ओळीने. ते पाणी अडवत नाहीत, त्याचा वेग मारतात. वेग कमी झाला की पाणी हातातली माती टाकून देतं. आणखी खाली, जिथे प्रवाहाला जोर असतो, तिथे तारेच्या जाळीत दगड भरून केलेले गॅबियन बंधारे. मग माती नालाबांध, सिमेंटचे बंधारे आणि शेवटी पाझर तलाव. बाजूच्या शेतांत बांधबंदिस्ती. प्रत्येक टप्प्यावर पाणी थोडं थोडं थांबत येतं आणि तलावापर्यंत पोचतं ते बऱ्यापैकी निवळ होऊन.

हे सगळं कशासाठी, याचं उत्तर खडकात आहे. महाराष्ट्राचा हा भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांनी बनलेला. घट्ट काळा पाषाण पाणी जवळजवळ घेत नाही. त्याच्यावरचा मुरूम, झिजलेला खडक आणि भेगा मात्र घेतात. म्हणजे साठवायला जागा आहे, पण ती थोडी आणि पातळ. विहीर म्हणजे कणगी नव्हे. कणगीच्या बुडाशी धान्य काढायला ठेवलेलं तोंड. एकाच कणगीला दहा जणांनी दहा तोंडं पाडली तर धान्य वाढत नाही, लवकर संपतं. चांगल्या फेरीत शेवटचा थांबा म्हणूनच विहिरीपाशी असतो. कठड्यावरून टेप किंवा गाठी मारलेली दोरी सोडून पाण्याची पातळी मोजतात, वहीत लिहितात. वरचा डोंगर आणि खालची विहीर यांचं नातं शब्दांनी पटवावं लागत नाही, कारण ते सगळं अंतर माणूस नुकताच उतरून आलेला असतो.

पाण्याचा हिशेब

एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर दहा हजार लिटर पाणी होतं. हे एक वाक्य पाठ असलं की कुठल्याही गावाचा हिशेब मांडता येतो. राळेगणचं क्षेत्र सुमारे 980 हेक्टर. चारशे मिलिमीटरच पाऊस धरला, तरी गावाच्या अंगावर वर्षाला सुमारे 390 कोटी लिटर पाणी पडतं. 2011 च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या 2,300 च्या आसपास होती. माणशी रोज शंभर लिटर धरले तर वर्षाला साडेआठ कोटी लिटरही लागत नाहीत. पडणाऱ्या पावसाच्या शंभर भागांतले दोन-सव्वादोन.

मग दुष्काळ येतो कुठून? बरंच पाणी ऊन आणि वारा घेऊन जातात, काही ओढ्याने जातं, आणि आपोआप मुरणारं पाणी अशा खडकाळ प्रदेशात पावसाच्या साधारण दहा टक्क्यांच्या आसपास धरतात. चर आणि बांध वाहून जाणाऱ्या पाण्यातलं काही थांबवून हे मुरणं वाढवतात. दुसरी बाजू खर्चाची. उसाला वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी लागतं, म्हणजे हेक्टरी दोन कोटी लिटर. सगळं गाव वर्षभर जेवढं पाणी पितं-वापरतं, तेवढं चार-सव्वाचार हेक्टर उसाचं. ज्वारीला त्याच्या चौथाईत भागतं. राळेगणने जास्त पाणी पिणाऱ्या पिकांना नकार देण्याचा नियम केला, त्याच्या मागे हे गणित आहे. पाणी अडवण्याचं काम गावाने पावसाळ्याआधी एकदा करायचं असतं. पाणी न उपसण्याचं काम प्रत्येक शेतकऱ्याला रोज करावं लागतं.

हा हिशेब सर्वांत शिस्तीने मांडला तो त्याच जिल्ह्यातल्या हिवरेबाजारने. नगर तालुक्यातलं हे गाव. पोपटराव पवार 1989 मध्ये तिथे सरपंच झाले. गावात पाऊस मोजतात, विहिरींच्या पातळ्या घेतात, त्यावरून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे ठेवतात आणि त्या वर्षी रब्बीत काय पेरायचं ते ठरवतात. पाऊस कमी झाला तर आधी माणसांचं आणि जनावरांचं पाणी बाजूला काढायचं, उरलं तर शेतीला. पवारांना 2020 मध्ये पद्मश्री मिळाली. अण्णांना पद्मश्री 1990 मध्ये आणि पद्मभूषण 1992 मध्ये. पुरस्कार माणसाच्या नावाने मिळतात. ताळेबंदाचे आकडे मात्र दरवर्षी शिवारात फिरूनच गोळा करावे लागतात.

चालताना जुळणारी माणसं

कार्यालयात टेबलावर नकाशा पसरून बसलं तर बोलतात ते वाचता येणारे. शिवारात तसं होत नाही. तिथे मेंढपाळ बोलतो, कारण कुठल्या घळीत चैत्रातही ओल असते ते त्याला माहीत. म्हातारा बोलतो, कारण ओढा पूर्वी कुठून जायचा आणि कुणी तो नांगरून बुजवला, हे त्याने पाहिलेलं असतं. बायका बोलतात, कारण हंडा घेऊन कुठवर जावं लागतं याचं मोजमाप त्यांच्या पायांना ठाऊक. ग्रामसभेत मागच्या रांगेत पदर सावरून गप्प बसणारी बाई ओढ्यात उभी राहिली की बरोबर जागा दाखवते.

विकासशास्त्राच्या अभ्यासकांनी या गोष्टीला पुढे रीतसर जागा दिली. ब्रिटनमधल्या ससेक्सचे रॉबर्ट चेंबर्स आणि त्यांच्यासोबतच्या लोकांनी 1980 च्या दशकात लोकसहभागी पाहणीच्या पद्धती मांडल्या. त्यांत गावाबरोबर उतार ओलांडत चालणं, थांबणं, लोकांकडूनच जमिनीवर नकाशा काढून घेणं हे महत्त्वाचं मानलं गेलं. पाहुण्याने बोलायचं कमी आणि चालायचं जास्त, हा त्यातला गाभा.

एकत्र चालण्याची सवय महाराष्ट्राला नवी नाही. त्र्यंबकेश्वरहून निघणारी निवृत्तिनाथांची पालखी नगर जिल्ह्यातूनच पंढरपूरला जाते. दिंडीत कुणी पुढे, कुणी मागे, मुक्काम कुठे, भाकरी कुणाकडे, हे सगळं न भांडता पार पडतं, कारण रीत ठरलेली असते. 1951 मध्ये पोचमपल्लीत भूदान सुरू झाल्यावर विनोबा पुढची तेरा वर्षं देशभर पायी फिरले. गावोगावच्या प्रभातफेऱ्या आपण शाळेत असताना केलेल्या आहेत. शिवारफेरीने या ओळखीच्या चालण्याला पाण्याचं काम दिलं.

तरी फेरी संपली की सगळे खूश असतात असं नाही. नालाबांधाचं पाणी कुणाच्या तरी शेताच्या कडेला तुंबतं. चराईबंदी म्हटली की ज्याच्याकडे जमीन नाही, फक्त चार शेळ्या आहेत, त्याच्या पोटावर येते. राळेगणने कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान अशी पंचसूत्री स्वीकारली आणि 1990 च्या दशकात ती राज्याच्या आदर्श गाव योजनेचा पाया झाली. या नियमांचं ओझं सगळ्यांवर सारखं पडत नाही, हे चालताना स्पष्ट दिसतं. म्हणून चराई बंद करताना गवत कापून न्यायची मुभा, बांधून पाळायच्या जनावरांची सोय, रोजगाराचं काम यांची जोड द्यावी लागते. नियम पाळायला लावण्याचा राळेगणचा मार्ग सगळीकडे सौम्यही नव्हता. दारूबंदीच्या काळात दारू पिऊन येणाऱ्यांना खांबाला बांधून मारल्याचं अण्णांनी स्वतःच सांगितलं आहे आणि त्यावर टीकाही पुष्कळ झाली आहे. पटवून घेतलेला होकार आणि धाकाने मिळवलेला होकार, दोन्ही या गावाच्या इतिहासात आहेत. दुसऱ्या गावांनी त्यातलं काय उचलायचं ते नीट पाहून उचलावं.

हद्द चालून पाहणारे

इंग्लंडमध्ये जुनी प्रथा होती. वर्षातून एकदा, वसंतात, पाद्री आणि गावकरी मिळून गावाच्या हद्दीवरून चालायचे आणि हद्दीच्या दगडांवर फोकाने फटके मारायचे. नकाशे नव्हते तेव्हा हद्द लक्षात ठेवायचा हा उपाय. मुलांना मुद्दाम बरोबर न्यायचे, म्हणजे पुढची पन्नास-साठ वर्षं साक्षीदार तयार. पुढे जमीनदारांनी माळरानं बंद केली, तेव्हा त्याच देशात चालणाऱ्यांनी भांडण केलं. 24 एप्रिल 1932 रोजी मँचेस्टर परिसरातले शेकडो कामगार किंडर स्काउटच्या खासगी पठारावर मुद्दाम चढून गेले आणि त्यातल्या काहींना तुरुंगवास झाला. 1949 च्या कायद्याने पायवाटांची नोंद नकाशावर करणं तिथे बंधनकारक झालं. रविवारी फिरायला जाणाऱ्यांच्या संघटनांनी हा हक्क पायांनी मिळवला.

आपल्याकडे फिरणाऱ्याचा असा हक्क कायद्यात नाही, पण वाटा आहेत. जुन्या गावनकाशावर गाडीवाट तुटक दुहेरी रेघेने आणि पायवाट तुटक एकेरी रेघेने दाखवलेली असते. दोन गावांच्या सीमेवरून शिवरस्ता जातो. शेतकऱ्याला आपल्या शेतात जायला दुसऱ्याच्या बांधावरून वाट हवी असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली तहसीलदाराकडे मागता येते. तालुक्याच्या ठिकाणी अशा रस्त्याच्या भांडणांचे ढीग असतात. पाणंद रस्ते नांगराखाली जातात, कुंपणं पुढे सरकतात. वर्षातून एकदा गाव त्या वाटेने एकत्र चाललं, तर ती बुजवणं तितकं सोपं राहत नाही.

सहलीला जाणाऱ्यांसाठी

राळेगणला किंवा तशा कुठल्याही गावाला जायचं तर वर्षातून तीनदा जावं. आषाढात, चांगला पाऊस होऊन गेल्यावर, म्हणजे पाणी कुठून धावतं आणि कुठे थांबतं ते दिसेल. आश्विन-कार्तिकात, बाजरी निघून ज्वारी उगवून आलेली असते तेव्हा. गवत, फुलपाखरं आणि पक्षी यांचा हाच काळ. आणि चैत्र-वैशाखात, जेव्हा सहलीला कुणी जात नाही. पहिल्या दोन खेपांना सगळंच छान दिसतं. पाणलोटाची खरी परीक्षा मे महिन्यात विहिरीच्या कठड्याशी उभं राहून होते.

ग्रामपंचायतीला आधी कळवावं आणि गावातला वाटाड्या घ्यावा. त्याचे पैसे घासाघीस न करता द्यावेत. उभ्या पिकातून चालू नये. पावसाळ्यात ओल्या बांधावरून चाळीस माणसं गेली की बांध खचतो आणि तो बांधायला शेतकऱ्याचा दिवस जातो. वीसच्या वर माणसं असतील तर दोन तुकड्या कराव्यात. चराच्या वरंब्यावर बसून डबा खाऊ नये. खाल्लाच तर प्लास्टिक परत आणावं, कारण पहिल्या पावसात ते घरंगळत पहिल्याच दगडी बांधात जाऊन अडकतं. आणि जेवणाचं सांगायचं तर गावातच कुणाकडे सांगून ठेवावं. पिठलं, बाजरीची भाकरी, ठेचा आणि मासवडी समोर आली की घरून आणलेल्या सँडविचचा विषय कुणी काढत नाही. पौष-माघात गेलात तर हुरडा.

दिवस हाताशी असेल तर त्याच तालुक्यात निघोजचे रांजणखळगे पाहावेत. कुकडीच्या पात्रात, काळ्या पाषाणात, रांजणासारखे खोल खड्डे पडलेत. पुराच्या भोवऱ्यात सापडलेले गोटे गरगर फिरत खडक घासतात, खळगा मोठा होतो, त्यात आणखी गोटे अडकतात. टाकळी ढोकेश्वरची लेणी आणि वडगाव दर्या इथली चुनखडीचे थर लोंबणारी गुहाही याच तालुक्यात. सकाळी माथ्यावर पाण्याला चालायला शिकवलेलं पाहायचं आणि दुपारी निघोजला त्याला मोकळं सोडलं तर ते दगडाचं काय करतं ते पाहायचं, असा दिवस जुळवता येतो.

बरेच ग्रुप सहलीला जाताना ‘समाजकार्य’ म्हणून शंभर रोपं घेऊन जातात, खड्डे खणून लावतात आणि फोटो काढून निघतात. त्या रोपांना मार्चमध्ये पाणी कोण घालणार, हा प्रश्न गावाच्या गळ्यात राहतो. त्यापेक्षा ओढ्यातले निसटलेले दगड पुन्हा बांधावर रचून द्यावेत, चरातला गाळ काढावा, दोन-चार विहिरींच्या पातळ्या दर फेरीला मोजून ग्रामपंचायतीकडे द्याव्यात. पाणलोटाची कामं एकदा झाली की संपत नाहीत. चर गाळाने भरतात, जाळ्या तुटतात, नवी बोअरवेल पडते. बांधणीला पैसे मिळतात, डागडुजीला मिळत नाहीत. नेमकी तिथे चालणाऱ्या माणसांची गरज असते.

आणि हे सगळं राळेगणपुरतं ठेवायचं कारण नाही. परत आल्यावर त्याच ग्रुपने एका रविवारी आपल्या उपनगरातला ओढा उगमापासून चालून पाहावा. माथ्यावर काय उभं राहिलंय, पात्र कुठे अरुंद झालंय, कुठल्या सोसायटीच्या भिंतीखाली ओढा गायब होतो आणि पुढे कुणाच्या घरात शिरतो, हे दोन तासांत समजेल. त्यातली एखादी सोसायटी ग्रुपमधल्याच कुणाची तरी निघेल. त्यावरून वाद झाला, आवाज चढले, तर फेरी नीट झाली असं समजावं आणि पुढच्या रविवारी त्या गृहस्थांनाही सोबत घेऊन त्याच वाटेने पुन्हा चालावं.